व्हेंटिलेटरवरचा पेशंट सोलापुरातून हेलिकॉप्टरने हलवावा का?

प्रश्न मंगळवेढ्याच्या एका वाचकाचा आहे. त्यांचे काका, वय ६२, सोलापुरातल्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूत आहेत. न्यूमोनिया झाला, दोन्ही फुप्फुसांत पसरला, व्हेंटिलेटर लावावा लागला. बीपी टिकवायला नॉरॲड्रेनलिनचा पंप चालू आहे. पुण्यातले आतेभाऊ म्हणतात, हेलिकॉप्टर मागवा, तासाभरात पुण्यात येतील. रस्त्याने न्यायला घरचे घाबरतात. न्यावं का, कसं न्यावं, धोका किती, खर्च किती, असं सगळं त्यांनी एकदम विचारलंय.

मी भूलतज्ज्ञ. अतिदक्षता विभागात काम करतो आणि सोलापुरातून पुणे, मुंबई, हैदराबादकडे गंभीर पेशंट घेऊन जाणं हा माझ्या कामाचा भागच आहे. बहुतेक वेळा रस्त्याने, कधी विमानाने, क्वचित हेलिकॉप्टरने.

आधी उत्तर देतो, मग कारणं. तुम्ही लिहिलंय त्यावरून काकांसाठी हेलिकॉप्टर हा शेवटचा पर्याय धरा. पहिला पर्याय, आहेत तिथेच ठेवून उपचार पूर्ण ताकदीने झालेत का ते तपासणं. दुसरा, खरोखर हलवायचंच असेल तर चांगली सुसज्ज ॲम्ब्युलन्स आणि आयसीयूत काम करणारा डॉक्टर घेऊन रस्त्याने. तिसरा, होटगी रोडच्या विमानतळावरून छोटं विमान. हेलिकॉप्टर त्याच्याही नंतर. ऐकायला विचित्र वाटेल, कारण सर्वांत भारी ते सर्वांत चांगलं असंच आपण धरून चालतो.

हलवण्याचा विषय निघाला की मी नातेवाइकांना एकच विचारतो: तिथे असं काय मिळणार आहे, जे इथे मिळत नाही? याचं उत्तर एका वाक्यात आलं पाहिजे. ‘तिथे मोठं हॉस्पिटल आहे’ हे उत्तर झालं नाही. ‘यकृताचं प्रत्यारोपण लागणार आहे’, ‘बाळाच्या हृदयाचं ऑपरेशन आहे’, ‘एक्मो लावायचंय आणि तिथल्या टीमने पेशंट घ्यायला होकार दिलाय’ ही उत्तरं झाली. काकांच्या बाबतीत खरा प्रश्न एक्मोचाच असू शकतो. एक्मो म्हणजे रक्त शरीराबाहेर काढून, त्यात ऑक्सिजन मिसळून परत आत सोडणारं यंत्र. व्हेंटिलेटर पूर्ण जोरावर लावूनही ऑक्सिजन टिकत नसेल तेव्हा निवडक पेशंटना त्याचा उपयोग होतो. पण तिथवर जाण्याआधीची एक पायरी सोलापुरात होते: पेशंटला पालथं झोपवून व्हेंटिलेटर चालवणं. दिवसातून १६ तास किंवा जास्त. फुप्फुसाच्या पाठीमागचा दबलेला भाग त्याने उघडतो आणि अशा पेशंटमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी होतं, हे सिद्ध झालंय. याला महागडं यंत्र लागत नाही, चार-पाच प्रशिक्षित माणसं लागतात. ते केलंय का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. राग येणार नाही कोणाला. आलाच तर येऊ द्या.

दुसरं असं की आजकाल सल्ला प्रवास करून आणायला लागत नाही. सीटी स्कॅनची मूळ फाईल, गेल्या दोन दिवसांचे ब्लड गॅस (रक्तातल्या ऑक्सिजन-कार्बन डायऑक्साइडचे रिपोर्ट) आणि व्हेंटिलेटरची सेटिंग्ज एवढं पाठवलं तर पुण्यातला किंवा हैदराबादचा तज्ज्ञ व्हिडिओवर अर्ध्या तासात सांगू शकतो की हलवण्यात अर्थ आहे का. इथल्या डॉक्टरांना सोबत घेऊन हा फोन करा, त्यांच्या पाठीमागून नको. ‘इथे चाललंय तेच आम्ही करू’ असं उत्तर पुष्कळ वेळा येतं आणि घरातला निम्मा गोंधळ तिथेच थांबतो.

आता ‘तासाभरात पुण्यात’ या वाक्याकडे येऊ. सोलापूर ते पुणे रस्त्याने साधारण २५० किलोमीटर, सरळ रेषेत २३५ च्या आसपास. हेलिकॉप्टर ताशी २२० ते २४० किलोमीटरने जातं. म्हणजे हवेतला वेळ एक तास, हे खरंच आहे. पण हेलिकॉप्टर सोलापुरात उभं नसतं. ते पुण्याहून किंवा मुंबईहून यायचं. फोन केल्यावर पैसे ठरणार, वैमानिक आणि डॉक्टर जमणार, आतल्या खुर्च्या काढून स्ट्रेचर बसवणार, उड्डाणाची परवानगी, उतरण्याच्या जागेची परवानगी. सगळं सुरळीत झालं तरी यात दीड-दोन तास धरा. इथे यायला एक तास. रुग्णालयातून पेशंट बाहेर काढून विमानतळावर नेऊन चढवायला पाऊण ते एक तास. मग तुमचा तो एक तास. पुण्यात उतरल्यावर पुन्हा ॲम्ब्युलन्स, पुन्हा पुण्याचं ट्रॅफिक, आणखी पाऊण तास. बेरीज करा: पाच-सहा तास. तेवढ्या वेळात इथून तयारी करून निघालेली ॲम्ब्युलन्स हडपसरला पोचलेली असते.

हेलिकॉप्टरची एक बाजू मात्र मान्य करायला हवी. पेशंट आयसीयूच्या बाहेर असण्याचा काळ कमी होतो. रस्त्याने साडेचार-पाच तास बाहेर, हवेतून अडीच-तीन. ज्याला प्रवासाचाच त्रास होणार आहे, त्याच्यासाठी हा फरक छोटा नाही. पण त्याची किंमत दुसऱ्या जागी मोजावी लागते, ती म्हणजे उचलाउचल.

रस्त्याने जाताना पेशंट दोनदा हलतो: इथल्या कॉटवरून ॲम्ब्युलन्सच्या स्ट्रेचरवर आणि तिथे स्ट्रेचरवरून कॉटवर. हेलिकॉप्टरने जाताना कॉट, ॲम्ब्युलन्स, हेलिकॉप्टर, पुन्हा ॲम्ब्युलन्स, मग कॉट. म्हणजे चारदा. आणि गडबड होते ती या उचलण्यातच. काय होतं ते जवळून सांगतो. काकांच्या तोंडातून श्वासनलिकेत एक नळी गेलेली आहे. ओठापाशी ती २२ सेंटिमीटरच्या खुणेवर चिकटपट्टीने बांधलेली असेल. ती तीन-चार सेंटिमीटर बाहेर सरकली तर सुटू शकते, तेवढीच आत गेली तर फक्त उजव्या फुप्फुसात हवा जाते. मानेतून मोठ्या शिरेत गेलेली एक नळी, म्हणजे सेंट्रल लाइन, तिला तीन तोंडं, त्यातल्या एकातून नॉरॲड्रेनलिन. त्या नळीला पीळ पडून औषध एक मिनिट थांबलं तरी बीपी कोसळतं. मनगटात आर्टरीची लाइन, लघवीची पिशवी, नाकातली नळी, छातीवर ईसीजीच्या वायरी. उचलताना एक माणूस डोक्याशी उभा राहतो, त्याचे दोन्ही हात नळीवर आणि डोक्यावर. ‘एक, दोन, तीन’ तोच म्हणतो, दुसरं कोणी नाही. उचलून झालं की सगळे थांबतात, मॉनिटरवरचा कार्बन डायऑक्साइडचा आलेख पाहतात, छाती दोन्ही बाजूंनी उचलतेय का पाहतात, पंप चालू आहेत का पाहतात. मगच पुढे. होटगी रोडच्या उन्हात, पंख्याच्या वाऱ्यात, वैमानिक घड्याळाकडे बघत असताना हे नीट करणं किती अवघड असतं याची कल्पना तुम्ही करू शकता.

हेलिकॉप्टरच्या आत जागा किती? आपल्याकडे या कामाला बहुतेक छोटी हेलिकॉप्टर वापरली जातात. त्यात स्ट्रेचर एका बाजूला लांबलचक बसतं आणि डॉक्टर त्याच्या एकाच बाजूला बसतो. पलीकडच्या हातापर्यंत त्याचा हात पोचतच नाही. म्हणून निघण्याआधीच बघावं लागतं की ज्या लाइनमधून औषध द्यायचं ती डॉक्टरच्या बाजूला आहे का. नसेल तर रुग्णालयातच तिला लांब नळी जोडून ती इकडे आणून ठेवायची. हृदय थांबलं तर छाती नीट दाबायला बहुतेक छोट्या हेलिकॉप्टरमध्ये जागा नसते. आवाज एवढा की स्टेथोस्कोप गळ्यात घालून उपयोग नाही, अलार्म ऐकू येत नाहीत, सगळं डोळ्यांनी बघून ओळखायचं. अशा जागी नळी सुटली तर परत घालणं हे चांगल्या चांगल्यांना घाम फोडणारं काम आहे. म्हणून आमच्यात नियम असा की जे काही करावं लागण्याची शक्यता आहे ते जमिनीवरच करून निघायचं. छातीत हवा साठली असल्याची शंका असेल तर ती काढणारी नळी, म्हणजे ड्रेन, इथेच टाकायचा. पोटातली नळी इथेच. श्वासाचं काही खरं दिसत नसेल तर व्हेंटिलेटरही इथेच.

उंचीचाही परिणाम आहे, लोकांना वाटतो तेवढा भयंकर नाही, पण काकांच्या बाबतीत महत्त्वाचा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार फुटांवर आहे. हेलिकॉप्टर जमिनीपासून अडीच-तीन हजार फुटांवरून गेलं तर हवेचा दाब सुमारे १० टक्क्यांनी कमी होतो. बंद जागेतली हवा तेवढीच फुगते: फुप्फुसाबाहेर साठलेली हवा, आतड्यातली हवा, श्वासनलिकेतल्या नळीचा फुगा. विमानात केबिनचा दाब आठ हजार फुटांच्या बरोबरीने ठेवला तर हे फुगणं पाव ते एक तृतीयांशापर्यंत जातं. वैमानिकाला सांगून तो दाब जमिनीच्या जवळ ठेवता येतो, त्यासाठी खालून उडावं लागतं आणि इंधन जास्त जातं. आणि ऑक्सिजन. ज्या पेशंटला इथेच ९० टक्के ऑक्सिजनवर ठेवावं लागतंय, त्याला त्या उंचीवर तेवढ्याच परिणामासाठी १०० टक्के लागतील. म्हणजे हातात काहीच शिल्लक नाही. काकांना व्हेंटिलेटरमधून किती टक्के ऑक्सिजन द्यावा लागतोय, तो आकडा (बोटावरच्या यंत्राचा नव्हे) तुम्ही लिहिलेला नाही. तो ६० च्या आत असेल तर प्रवासाबद्दल बोलता येईल. ८०-९० वर असेल तर आज कुठल्याच वाहनात घालू नका. एक्मोची टीम इथे येऊन यंत्र लावून घेऊन जाईल का, एवढंच विचारा.

हवामान आणि वेळ या दोन गोष्टी आतेभावांना बहुतेक कोणी सांगितल्या नसतील. आपल्याकडे डोळ्यांनी बघत उडणाऱ्या हेलिकॉप्टरला सूर्यास्तानंतर २० मिनिटांपासून सूर्योदयाआधी २० मिनिटांपर्यंत सर्वसाधारणपणे उडता येत नाही. संध्याकाळी चारला निर्णय घेतला तर हेलिकॉप्टर उद्या सकाळी. गंभीर पेशंटची रात्र इथेच जाणार. पावसाळ्यात वेगळीच गंमत: सोलापूर पर्जन्यछायेत, इथे आभाळ निरभ्र, नातेवाईक वर बघून म्हणतात ‘एवढं स्वच्छ आहे की’, आणि हेलिकॉप्टर मुंबईहून निघायचं असेल तर घाटात ढग उतरलेले. उन्हाळ्यात तर आपली खासियतच आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४३-४४ वर गेला की हवा विरळ होते, पंख्यांना पुरेसा उचल मिळत नाही आणि हेलिकॉप्टरला कमी वजन घेऊन उडावं लागतं. वजन कमी करायचं म्हणजे काय कमी करणार? इंधन किंवा माणूस. त्यात परतीचं इंधन पुण्याहूनच भरून आणलं असेल तर ते आधीच जड. म्हणून उन्हाळ्यातलं उड्डाण सकाळी लवकर ठरवतात आणि सोबत येणाऱ्या नातेवाइकाला ‘जागा नाही’ असं तोंडावर सांगतात.

विमानाचा पर्याय पूर्वी इथे जवळजवळ कागदावरच होता. धावपट्टीच्या वाटेत येणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीचा वाद किती वर्षं चालला ते सोलापूरकरांना सांगायला नको. जून २०२३ मध्ये ती पाडली, २९ सप्टेंबर २०२४ ला नव्या रूपातल्या विमानतळाचं उद्घाटन झालं, जून २०२५ मध्ये गोव्याची विमानसेवा सुरू झाली. याचा फायदा पेशंटला असा की दोन इंजिनांचं, दाबाची केबिन असलेलं छोटं विमान इथे येऊ शकतं. आत जागा जास्त, आवाज कमी, वेग हेलिकॉप्टरच्या जवळपास दुप्पट. पुण्यासाठी मी तेही फारसं सुचवत नाही, कारण लोहगाव हे हवाई दलाचं ठाणं आहे, तिथल्या वेळा सांभाळाव्या लागतात आणि २५० किलोमीटरसाठी एवढी उचलाउचल परवडत नाही. पण चेन्नई, दिल्ली किंवा मुंबईला प्रत्यारोपणासाठी जायचं असेल तर विमानच. हैदराबादला रस्त्याने ३०० च्या आसपास पडतं आणि रस्ता चौपदरी आहे. आपल्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरांचे बरेच पाहुणे तेलंगणात असतात, राहण्या-जेवणाची सोय होते, म्हणून ती मंडळी पुण्याऐवजी तिकडे जातात. महिना-महिना मुक्काम पडतो तेव्हा ही गोष्ट छोटी नसते.

मग हेलिकॉप्टर हवं कुठे? जिथे रस्ता नाही किंवा रस्ता चालत नाही तिथे. ऋषिकेशच्या एम्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये हेलिकॉप्टर सेवा सुरू केली, ती उत्तराखंडच्या डोंगरांसाठी. तिथे नकाशावर ४० किलोमीटर दिसणारं गाव गाडीने चार तासांवर असतं. मध्य प्रदेश सरकारने २०२४ मध्ये एअर ॲम्ब्युलन्स योजना आणली, आयुष्मान कार्ड असलेल्यांना मोफत. जर्मनीत १९७० पासून हे जाळं आहे, पण तिथलं एकेक हेलिकॉप्टर ५० ते ७० किलोमीटरच्या परिघात काम करतं आणि त्याचा मुख्य उपयोग डॉक्टरला पेशंटपर्यंत पोचवण्याचा. लंडनमध्येही तसंच, हेलिकॉप्टरने डॉक्टर अपघाताच्या जागी उतरतो, तिथेच उपचार करतो, आणि पेशंट बऱ्याचदा साध्या ॲम्ब्युलन्सनेच रुग्णालयात जातो. रात्री तर ते डॉक्टर गाडीनेच निघतात. आपल्या जिल्ह्यात असा उपयोग मला एकाच वेळी ठळक दिसतो, आषाढीला. पंढरपुरात लाखो वारकरी, सगळे रस्ते माणसांनी भरलेले, आणि वाळवंटात कोणाला तरी मोठी इजा झालेली. तेव्हा हेलिपॅड आणि तयार टीम असेल तर ती सोलापूरपर्यंतची झेप कामाला येईल.

एरवी करमाळा, सांगोला, अक्कलकोटकडच्या लोकांनी हेलिकॉप्टरची वाट बघण्यापेक्षा पहिलं औषध जवळच कसं मिळेल ते बघावं. हार्ट ॲटॅकमध्ये १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर गाठ विरघळवणारं इंजेक्शन, टेनेक्टेप्लेजसारखं, तालुक्यालाच द्यायचं आणि मग सोलापूर गाठायचं. पक्षाघातात तसलं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत, तेही सीटी झाल्यावर. घोणस चावली तर प्रतिविष प्राथमिक किंवा ग्रामीण रुग्णालयातच सुरू करायचं. सोलापूरच्या सिव्हिलपर्यंत तसंच आणलेला पेशंट वाटेत रक्ताच्या गुठळ्या होण्याची ताकद गमावून बसलेला असतो. हे विषयांतर झालं, पण दर उन्हाळ्या-पावसाळ्यात हे बघतो म्हणून लिहिलं.

आता रस्त्याने नेणं. तुमची भीती रास्त आहे, कारण ‘कार्डियाक ॲम्ब्युलन्स’ असं पाटीवर लिहिलेल्या गाड्यांतल्या अनेक आतून साध्याच असतात. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिच्या एएलएस (गंभीर पेशंटसाठीच्या) गाड्यांत व्हेंटिलेटर असतो, पण तिचं मुख्य काम घटनास्थळावरून जवळच्या रुग्णालयात पोचवण्याचं. पुण्यापर्यंत गाडी मिळेल की नाही हे त्या वेळी उपलब्धतेवर ठरतं. विचारायला पैसे पडत नाहीत, रुग्णालयाकडूनच फोन करायला सांगा. खासगी गाडी ठरवताना स्वतः आत चढून बघा. व्हेंटिलेटर चालू करून दाखवायला सांगा. सिरिंज पंप किती, त्यांची बॅटरी किती तास टिकते, गाडीत चार्जिंगचा सॉकेट चालतो का. काकांना नॉरॲड्रेनलिन चालू आहे, म्हणजे चालू पंप एक, तयार भरून ठेवलेला दुसरा, आणि शिवाय एक जादा. कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र आहे का ते विचारा. नळी जागेवर आहे की नाही हे सर्वांत लवकर तेच सांगतं. नसेल तर गाडी बदला, हे मी कुठलीही भीड न ठेवता सांगतो.

ऑक्सिजनचा हिशेब तुम्हीही करू शकता. समजा व्हेंटिलेटरला मिनिटाला १२ लिटर लागतात. तासाला ७२० लिटर. पाच तासांना ३,६०० लिटर. गाडी कुठे अडकली, यवतच्या पुढे ट्रक आडवा झाला, म्हणून दुप्पट धरायचे: ७,२०० लिटर. मोठा जंबो सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर साधारण ७,००० लिटर देतो. म्हणजे दोन जंबो, दोन्ही भरलेले, आणि सिलिंडरचा दाब दाखवणाऱ्या घड्याळावरचा काटा तुमच्यासमोर बघून घेतलेला. छोट्या दीड हजार लिटरच्या सिलिंडरवर कोणी पुण्याला निघत असेल तर ती गाडी इंदापूर-भिगवणच्या आसपासच हवा शोधायला लागेल.

वेग हा विषय ड्रायव्हरशी आधीच बोलून ठेवा. ताशी १२० ने पळवून थोडा वेळ वाचतो, आणि प्रत्येक ब्रेकला पेशंटचं बीपी खाली-वर होतं. ७०-८० ने, एकसारखी, गतिरोधकावर पूर्ण हळू. वाटेत टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण इथे कुठलं रुग्णालय व्हेंटिलेटरवरचा पेशंट तासभर सांभाळू शकेल याची नावं आणि नंबर निघण्याआधी डॉक्टरच्या फोनमध्ये असले पाहिजेत. बहुतेक वेळा लागत नाहीत. सोबतचा डॉक्टर आयसीयूत किंवा भूलशास्त्रात काम केलेला हवा. ‘डॉक्टर सोबत आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, नळी घालता येते का असं सरळ विचारा.

पैशांबद्दल. हेलिकॉप्टर किंवा विमानाचा खर्च लाखांत जातो आणि तो सोलापूर-पुणे एवढ्या एका फेरीचा नसतो. जिथून ते निघतं तिथून परत तिथे जाईपर्यंतचा सगळा वेळ तुमच्या खात्यावर. बऱ्याचदा पूर्ण रक्कम आधी मागतात. फोनवर बोलणारा माणूस अनेकदा मध्यस्थ असतो, त्याच्याकडे ना हेलिकॉप्टर असतं ना डॉक्टर. त्याला चार प्रश्न विचारा: ज्या कंपनीचं हेलिकॉप्टर आहे तिच्याकडे डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचा, नॉन-शेड्यूल्ड (भाड्याच्या उड्डाणांचा) परवाना आहे का, सोबत कोण डॉक्टर येणार, तो निघण्याआधी इथल्या डॉक्टरांशी स्वतः बोलेल का, आणि हवामानामुळे उड्डाण रद्द झालं तर पैशांचं काय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. आरोग्य विम्यात एअर ॲम्ब्युलन्सचं कलम काही पॉलिसींत असतं, पण त्याला रकमेची मर्यादा असते आणि ‘जवळच्या योग्य रुग्णालयात उपचार उपलब्ध नव्हता’ असं डॉक्टरांचं पत्र मागतात. टीपीएला (विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीला) निघण्याआधी फोन करा, नंतर केला तर पत्रं पाठवत बसाल.

एक गोष्ट नातेवाईक बोलून दाखवत नाहीत, पण खोलीत असते. ‘उद्या लोक म्हणतील, पुण्याला का नाही नेलं?’ गावाकडचे, पाहुण्यांतले, काकांचे मित्र. कधी एखाद्या पुढाऱ्याचाही फोन येतो की व्यवस्था करतो, निघा. या दबावापोटी मरणाच्या दारातला पेशंट गाडीत घातला जातो आणि माढ्याच्या पुढे कुठे तरी जातो, बायका-पोरांपासून लांब, अनोळखी डॉक्टरच्या हातात. घरच्या मोठ्या माणसाने डॉक्टरांसमोर बसून स्पष्ट विचारावं: नेल्याने वाचण्याची शक्यता वाढते का, की फक्त आम्हाला बरं वाटेल? डॉक्टर खरं सांगतात, विचारलं तर.

तरीही नेण्याचं ठरलं, तर आजच एवढं करून ठेवा. तिथल्या रुग्णालयात बेड आहे असं रिसेप्शनने सांगून भागत नाही; पेशंट स्वीकारणाऱ्या डॉक्टरचं नाव आणि मोबाइल घ्या, आणि इथल्या डॉक्टरांचं त्यांच्याशी बोलणं होऊ द्या. डिस्चार्ज कार्डावर निघतानाची वेळ, व्हेंटिलेटरची सेटिंग्ज आणि चालू औषधांचे डोस लिहून घ्या. सीटीची सीडी, रक्तगटाचा कागद, आधार कार्ड, विम्याचं कार्ड, सगळं एका पिशवीत, आणि ती पिशवी ॲम्ब्युलन्समध्ये. मागून येणाऱ्या गाडीत ठेवलेली पिशवी नेमकी टोलवर मागे राहते. गाडीत नातेवाईक एकच, पुढे ड्रायव्हरशेजारी, ज्याला सही करण्याचा अधिकार आहे असा. बाकीच्यांनी आपापल्या गाडीने सावकाश यावं. ॲम्ब्युलन्सच्या मागे लागून पळवू नये. काकांना ज्या गोळ्या घरी चालू होत्या, बीपीच्या, साखरेच्या, त्यांची पाकिटं काकूंकडे असतील, तीही पिशवीत टाका. पुण्यात रात्री दोनला पहिला प्रश्न तोच विचारतील.